बंद केलेला टॅब राहतो कुठे?

६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी. लालबागचा राजा मंडपातून निघाला, रात्रभर मिरवत दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला आणि तिथे समुद्रानं त्याला अडवलं. भरती लागली होती. तराफा, मूर्ती आणि पाणी यांचं गणित काही केल्या जुळेना. विसर्जन झालं ते थेट रात्री.

त्या दिवशी अख्खं गिरणगाव मोबाईलला चिकटलं होतं. परळला राहणारी माझी भाचीसुद्धा. ती सातवीत आहे. तिचं म्हणणं, बातम्या बघत बसण्यापेक्षा भरतीचं वेळापत्रक बघावं. "मामा, राजा कधी जाणार ते टीव्हीवाल्यांना काय विचारतोस? समुद्राला विचार ना!" मुद्दा बिनतोड होता. ७ तारखेला पौर्णिमा होती, आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहणही होतं. म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र अगदी एका रेषेत. अशा वेळी सूर्य आणि चंद्र दोघं मिळून पाणी ओढतात, म्हणून पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती येते.

तर बाईसाहेबांनी आजीच्या मोबाईलवर मुंबईच्या भरती-ओहोटीचं पान शोधून काढलं. खूप शोधलं तेव्हा कुठे सापडलं, कारण आधी भलत्याच बंदरांची पानं येत होती. तेवढ्यात आजीनं फोन मागितला, हिनं घाईघाईत बोट फिरवलं आणि नेमका तोच टॅब सटकन बाजूला सरकून गायब झाला.

"मामा, गेला!"

"जाऊन जाऊन जाणार कुठे?" मी म्हटलं. म्हणायला म्हटलं खरं, पण प्रश्न झकास आहे. बंद केलेला टॅब जातो कुठे? आणि तो परत येतो तेव्हा कुठून येतो?

आधी तो बंद का होतो ते एका दमात सांगून टाकतो. टॅब बंद करायची फुली असते एवढीशी आणि आपलं बोट असतं केवढं! अँड्रॉइडसाठी अॅप बनवणाऱ्यांना गूगलचा सल्ला असा की बोटानं दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटर तरी हवी. शिवाय मोबाईलच्या काचेला तुमच्या बोटाचं टोक दिसत नाही. बोट टेकलं की तिथल्या विद्युतभारात फरक पडतो. फरक पडलेल्या सगळ्या जागेचा मध्य काढून फोन म्हणतो, "इथे दाबलं." तुम्हाला वाटतं दाबलं एकीकडे, त्याला वाटतं दुसरीकडे. त्यात दादरला गर्दीत लोकलमध्ये चढताना एका हातानं फोन धरलेला असेल तर बघायलाच नको.

आता खरी गंमत. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये टॅब बंद केला की तळाशी एक पट्टी येते. टॅब बंद केल्याचं तिच्यावर लिहिलेलं असतं आणि शेजारी 'अनडू' किंवा त्या अर्थाचं मराठी बटण असतं. काही सेकंद थांबते आणि निघून जाते. ते बटण दाबलं की टॅब जसाच्या तसा हजर. आपल्याला वाटतं, वा, काय चपळ! गेलेला टॅब किती झटकन आणला!

पण तो गेलेलाच नसतो.

तुम्ही फुली दाबता तेव्हा क्रोम तो टॅब तुमच्या नजरेआड करतो आणि 'बंद व्हायचा आहे' अशी नोंद ठेवतो, बस्स. खरोखर बंद करण्याचं काम ती पट्टी निघून गेल्यावर होतं. त्या काही सेकंदांत तुम्ही 'अनडू' दाबलंत तर त्याला फक्त नोंद खोडायची असते. माणसं चुकणार हे धरून चालायचं आणि तेवढा वेळ न बोलता थांबून राहायचं, एवढीच त्यातली युक्ती. ही 'अनडू'ची कल्पना तुमच्या आजोबांच्या तरुणपणातली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात अँड्रिस व्हॅन डॅम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'फ्रेस' नावाची लेखनप्रणाली बनवली होती. 'अनडू'ची सोय असलेल्या अगदी पहिल्या प्रणालींमध्ये तिचं नाव घेतात. त्याआधी संगणकावर चूक झाली की झाली!

आमच्या बाबतीत मात्र ती पट्टी केव्हाच निघून गेली होती. दोघींची "अगं काय केलंस?", "मी नाही, तूच फोन ओढलास" अशी जुंपली होती आणि काही सेकंद म्हणजे कितीसे!

मग दुसरा रस्ता. क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात, त्यांच्या आत 'रीसेंट टॅब्ज' म्हणजे अलीकडचे टॅब. आयफोनवर सफारी वापरत असाल तर सगळे टॅब एकत्र दिसतात त्या पडद्यावर जा आणि अधिकचं चिन्ह जरा वेळ दाबून धरा. नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलंत तर नवा टॅब उघडतो, दाबून धरलंत तर नुकत्याच बंद केलेल्या टॅबांची यादी वर येते. फायरफॉक्समध्ये ती हिस्टरीच्या पोटात सापडते. नावं आणि जागा दर नव्या आवृत्तीत थोड्या इकडच्या तिकडे होतात, पण यादी कुठेतरी असतेच.

आणि यादीत सगळ्यात वर कोण? सगळ्यात शेवटी बंद झालेला.

आमच्या या आजीच्या लालबागच्या चाळीत दाराआड रद्दीचा गठ्ठा असतो. आजचा पेपर वाचून झाला की गठ्ठ्यावर. उद्याचा त्याच्यावर. कालचं कोडं सोडवायचं राहिलं असेल तर ते पहिल्याच पेपरात मिळतं, महिन्यापूर्वीचं हवं असेल तर खाली हात घालावा लागतो. आणि गठ्ठा फार उंच झाला की आजी तळातले पेपर ओढून रद्दीवाल्याला देते. ब्राउझरची बंद टॅबांची यादी हुबेहूब अशीच चालते. शेवटी आलेला पहिला बाहेर, आणि ठरावीक उंची झाली की तळातले जातात. म्हणून गेल्या वर्षी बंद केलेला टॅब तिथे शोधू नका.

संगणकशास्त्रात या गठ्ठ्याला 'स्टॅक' म्हणतात. तो इतका साधा आहे की कुणी शोधून काढला असेल असं वाटतच नाही. पण फ्रिडरिश बाउअर आणि क्लाउस झामेलझोन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये त्याच्यावर रीतसर पेटंटसाठी अर्ज केला होता. आज तुम्ही खेळता तो प्रत्येक गेम आणि वापरता ते प्रत्येक अॅप आत कुठेतरी असे गठ्ठे रचत आणि उपसत असतं.

भाचीनं यादी उघडली. भरतीचं पान सगळ्यात वरच होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं, पान आलं आणि ती म्हणाली, "मामा, हे तेच पान नाहीये."

शाबास! या अख्ख्या लेखातली खरी शोधक नजर ती. मघाशी पानावर वरच्या ओळीत जे होतं, ते आता नव्हतं. पुढच्या भरतीला किती वेळ उरला हे सांगणारा आकडा बदलला होता. पान त्याच पत्त्यावरचं, पण मजकूर ताजा.

कारण ब्राउझरनं ते पान जपून ठेवलेलंच नव्हतं. टॅब बंद होताना त्यानं लिहून ठेवलं ते मुख्यतः एवढंच: पानाचा पत्ता, पानाचं नाव, त्या टॅबमध्ये त्याआधी कोणकोणती पानं पाहिली त्यांचे पत्ते ओळीनं, आणि पान सरकवत तुम्ही कुठवर आला होता ती जागा. म्हणूनच परत आणलेल्या टॅबवर 'मागे'चं बटण चालतं. परत आणताना ब्राउझर तो पत्ता वाचतो, तिथे निरोप धाडतो आणि पान नव्यानं मागवतो.

हा निरोप कुठून कुठे जातो माहितीय? तुमच्या फोनपासून जवळच्या टॉवरपर्यंत हवेतून. पुढे बहुतेक प्रवास जमिनीखालच्या काचतंतूंमधून, प्रकाशाच्या रूपात. पान ठेवलेला संगणक मुंबईतच असेल तर काम घरच्या घरी आटोपतं. तो युरोपात असेल तर मात्र समुद्र ओलांडायचा. देशोदेशीच्या समुद्राखालच्या केबल मुंबईत ज्या मोजक्या ठिकाणी जमिनीवर येतात, त्यांतलं एक दादरच्या शेजारी आहे, प्रभादेवीला. सिद्धिविनायकाला जाताना आपण त्या वस्तीतूनच जातो आणि आपल्याला पत्ताही नसतो. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून लंडनला जाऊन परत यायला निरोपाला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. तुमची पापणी लवेपर्यंत काम होऊनही जातं.

हे नेहमीच असं नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून यायचं. फोन लावायचा, यंत्रांची किरकिर ऐकायची आणि एक चित्र वरून खाली ओळीओळीनं उमटेपर्यंत चहा पिऊन यायचं. तेव्हा चुकून खिडकी बंद झाली असती तर लोकांनी खरंच कपाळाला हात लावला असता. टॅब परत आणणं आज आपल्याला फुकटची जादू वाटते ती मुख्यतः या वेगामुळे.

परत आपल्या भरतीकडे. मुंबईच्या किनाऱ्यावर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. त्यामुळे आजची दुपारची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. म्हणजे भरतीचं पान हे असं पान आहे की तुम्ही टॅब कितीही तत्परतेनं परत आणा, पत्ता तोच मिळणार आणि आकडे नवे मिळणार. बातम्यांचंही तेच. ७ सप्टेंबरच्या सकाळी एखाद्या टॅबमध्ये 'राजा चौपाटीवर दाखल' असं वाचून तुम्ही तो बंद केला असता आणि रात्री परत उघडला असता, तर त्याच पत्त्यावर विसर्जनाचे फोटो दिसले असते. सकाळचं पान हवं असेल तर टॅब परत आणून उपयोग नाही. सकाळीच स्क्रीनशॉट काढायला हवा होता.

याच्या उलटही कधी घडतं. पानातली काही चित्रं आणि तुकडे ब्राउझर फोनमध्ये तात्पुरते ठेवून घेतो. त्याला 'कॅश' म्हणतात. पुन्हा मागवायचा त्रास वाचावा म्हणून केलेली ही साठवण. त्यामुळे एखादं पान परत आणताना जुनाच तुकडा समोर येतो आणि आपण बुचकळ्यात पडतो. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावहून दादरला भुयारी मेट्रोनं जाता येतं. जमिनीखाली टॉवरच्या लहरी सहज पोहोचत नाहीत, त्यासाठी बोगद्यात वेगळी यंत्रणा लागते. अशा एखाद्या ठिकाणी नेटवर्क गेलेलं असताना बंद टॅब परत आणून बघा. कधी पान येईल, कधी अर्धवट येईल आणि बहुतेक वेळा क्रोमचा तो काळा ठिपक्याठिपक्यांचा डायनासोर येईल. डायनासोर आला की समजा, पत्ता आहे पण निरोप जात नाहीये.

आता तुम्ही म्हणाल, बंद टॅबांचं कळलं, उघड्या टॅबांचं तरी पान फोनमध्ये असतं ना?

बसा नीट, कारण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही आहे. आजीच्या फोनवर टॅबांच्या संख्येच्या जागी आकडाच नव्हता. चौकोनात दोन टिंबं आणि त्यापुढे इंग्रजी डी अक्षर होतं. मान डावीकडे कलवून बघितलं की तो तोंड भरून हसणारा चेहरा. क्रोममध्ये ९९ च्या वर टॅब गेले की आकडा जाऊन हा चेहरा येतो! आजीला फुली दिसतच नव्हती, तेव्हा तिनं आयुष्यात एकही टॅब बंद केला नव्हता. पुरणपोळी, गुडघेदुखी, पंचांग, परत पुरणपोळी, रेल्वेचं वेळापत्रक, 'कबुतर गॅलरीत येऊ नये म्हणून काय करावं', परत गुडघेदुखी.

एवढी शंभर पानं फोनच्या कामचलाऊ स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, एका वेळी मावतील? छे. ती रॅम कॅमेऱ्यालाही हवी, व्हॉट्सअॅपलाही हवी. त्यामुळे बराच वेळ न बघितलेलं पान फोन गुपचूप रॅममधून काढून टाकतो. त्याच्या जागी राहतं काय? पत्ता, मागचे पत्ते, कुठवर वाचलं ती जागा, आणि पानाचा छोटा फोटो. टॅबांच्या पडद्यावर तुम्हाला दिसतात ते हे फोटो. तुम्ही एखाद्यावर बोट ठेवता, क्षणभर पडदा पांढरा होतो आणि पान भरू लागतं. म्हणजे तेही नव्यानं मागवलेलंच.

तेव्हा आजीचा तीन महिन्यांपूर्वीचा उघडा टॅब आणि भाचीचा आत्ताच बंद झालेला टॅब यांत फरक किती? एकाची ओळ उघड्यांच्या यादीत, दुसऱ्याची बंद झालेल्यांच्या यादीत! बंद टॅब परत आणणं म्हणजे एक ओळ या यादीतून उचलून त्या यादीत लिहिणं. मी हे भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आजीच्या फोनमध्ये शंभर पानं नाहीतच? नुसत्या शंभर ओळी आहेत?" आजीला वाटलं तिचा फोन बिघडलाय असं आम्ही म्हणतोय. तिला समजवायला वेगळा वेळ गेला.

या ओळी फोन बंद करून चालू केला तरी टिकतात, कारण त्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या असतात. ती शोधली जपानमधल्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी, आणि १९८४ मध्ये जगासमोर मांडली. तिच्यात अगदी सूक्ष्म कप्पे असतात आणि त्या कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवतात. कप्प्याभोवती वीज सहज ओलांडू शकत नाही असा थर असतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी इलेक्ट्रॉन आतच बसून राहतात. तुमच्या बंद टॅबचा पत्ता म्हणजे कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांची एक विशिष्ट मांडणी.

एका पत्त्याला जागा लागते तरी किती? साधा पत्ता शंभरेक अक्षरांचा असतो, म्हणजे शंभर बाइट. मराठी पत्ते मात्र जागा खातात. मराठी विकिपीडियावर 'लालबाग' शोधा, पत्ता कॉपी करा आणि दुसरीकडे चिकटवा. बऱ्याचदा तिथे 'लालबाग' दिसतच नाही, टक्क्याची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची लांबच लांब माळ दिसते. पत्त्यांचे जुने नियम इंग्रजी अक्षरांपुरते होते. म्हणून देवनागरीच्या एका चिन्हासाठी तिथे नऊ चिन्हं लिहावी लागतात. ल, काना, ल, ब, काना, ग अशी सहा चिन्हं, सहा नव्वे चोपन्न. एका लालबागसाठी ५४!

तरीही हे काहीच नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक संगणक स्वतः घडवला होता, १९६० मध्ये तो कामाला लागला. नाव टिफ्रॅक, चमूचे प्रमुख आर. नरसिंहन. त्याची स्मृती चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची होती, एका कड्यात एक बिट, म्हणजे एक तर शून्य नाही तर एक. ४० बिटांचा एक शब्द, असे २०४८ शब्द. गुणाकार करा: ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट. आजीच्या शंभर टॅबांचे साधे पत्ते लिहिले की त्या संगणकाची जवळजवळ अख्खी स्मृती भरली असती, गणित करायला फारशी जागा उरली नसती! शिवाय त्या कड्यांचा एक तऱ्हेवाईकपणा होता. कड्यातलं वाचलं की ते पुसलं जायचं, म्हणून वाचल्याबरोबर पुन्हा लिहून ठेवावं लागायचं. असल्या यंत्रावर आपल्या शास्त्रज्ञांनी मोठमोठी गणितं केली, हे मला टॅबपेक्षाही नवल वाटतं.

बंद टॅबांच्या यादीतही नाव सापडलं नाही तर? मग हिस्टरी. क्रोमच्या हिस्टरीच्या पानावर मागच्या ९० दिवसांत उघडलेली पानं तारखेनुसार दिसतात, आणि वर शोधायची चौकट असते. पानाच्या नावातला एखादा शब्द आठवला तरी पुरे. ही नोंदवही 'एसक्यूलाइट' नावाच्या प्रणालीनं ठेवली जाते. ती रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिली आणि तिची सुरुवात झाली अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेवरच्या एका कामातून. आज जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये ती आहे. कुठे युद्धनौका आणि कुठे आजीची पुरणपोळी!

काही टॅब मात्र खरोखर जातात. इनकॉग्निटोमधला टॅब मिटला की त्याची ओळ कुठल्याच यादीत राहत नाही, त्या सोयीचा उद्देशच तो आहे. पण फोन विसरला म्हणून सगळं जग विसरलं असं नाही. तुम्ही ज्या संकेतस्थळावर गेलात त्याला आणि ज्याच्याकडून इंटरनेट घेता त्या कंपनीला तुमची फेरी कळू शकते. हिस्टरी पुसली तरी यादी जाते. आणि अर्ज भरताना टॅब बंद झाला तर पत्ता परत येतो, पण तुम्ही टाइप केलेलं नाव-गाव-शाळा येईलच याची खात्री नाही. ते पानाच्या पत्त्यात नव्हतंच. काही संकेतस्थळं तुम्ही लिहिता लिहिताच मजकूर आपल्या संगणकावर जपून ठेवतात, तिथे वाचतो. इतर ठिकाणी मोठं काही लिहायचं असेल तर आधी वहीवजा अॅपमध्ये लिहा आणि मग चिकटवा. मी तसंच करतो.

आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ओळ शाबूत, पण पलीकडे पानच नाही. निरोप जातो, उत्तर येतं '४०४', म्हणजे या पत्त्यावर असं काही नाही. संकेतस्थळ बंद पडलेलं असतं किंवा पान हलवलेलं असतं. याच्यावरही एका माणसानं उपाय काढून ठेवलाय. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत 'इंटरनेट आर्काइव्ह' नावाची संस्था काढली आणि जगभरातल्या पानांच्या प्रती जमवायला घेतल्या. २००१ पासून त्या 'वेबॅक मशीन'वर कुणालाही बघता येतात. पत्ता टाकायचा, तारीख निवडायची आणि त्या दिवशी ते पान कसं होतं ते बघायचं. प्रत्येक पान मिळतं असं नाही, पण मिळालं की मजा येते.

भाचीनं तिथे एका जुन्या मराठी संकेतस्थळाचं पंचवीसेक वर्षांपूर्वीचं पान उघडलं. चौकटी जागेवर, रंग जागेवर आणि मजकूर? इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, उद्गारचिन्हं यांची नुसती खिचडी. "मामा, हे कुठल्या भाषेत आहे?"

मराठीतच. त्या काळी बरीच मराठी संकेतस्थळं आपापला फॉन्ट वापरायची. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर असेल तर मराठी दिसायचं, नसेल तर ही खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक १९९१ मध्येच मिळाले होते, क चा २३२५, ख चा २३२६. पण ते सगळीकडे रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. आता त्या जुन्या पानातलं कुठलं इंग्रजी चिन्ह कुठल्या मराठी अक्षरासाठी आहे, याचा तक्ता जुळवला की मजकूर वाचता येतो. असा तक्ता जुळवून देणारे कन्व्हर्टरही लोकांनी बनवलेत. पण आमच्या बाईंना ते नको होतं. तिनं वही घेतली, मथळ्यात पुन्हा पुन्हा येणारी चिन्हं मोजली आणि सगळ्यात जास्त वेळा येणारं चिन्ह हे काना असणार असं जाहीर केलं. त्यावरून तिची गाडी पुढे सुटली आणि राजाचं विसर्जन झालं तेव्हा तिची पहिली दोन अक्षरं लागली होती.